आधी पाइप, मग बूस्ट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला स्वतः टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) बसवायचा म्हणजे काय काय करावं लागतं त्यावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. कुठला टर्बो घेऊ असं विचारणारे भरपूर आहेत, पण ज्यांनी टर्बो ऑलरेडी बसवलाय आणि आता अडकलेत त्यांच्यातल्या कुणाचंही खरं दुखणं टर्बो नाहीये. दुखणं आहे ते नळ्यांमध्ये. तेलाची नळी, पाण्याची नळी, हवेचा पाइप आणि ती करंगळीपेक्षा बारीक व्हॅक्यूमची होज. म्हणून यावेळी तेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : दादा, माझ्या गाडीला मी आणि मित्राने मिळून टर्बो बसवला, टर्बो नवा कोरा होता. गाडी पळते मस्त पण दोन-तीन मिनिटं आयडलला उभी राहिली की मागून निळा धूर यायला लागतो आणि मग अॅक्सिलरेटर दिला की नुसता ढग. मेकॅनिक म्हणाला सील गेलं, बदला. दुसरा टर्बो लावला, चार दिवसांत परत तेच. तेलाचा फीड ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी टाकून घेतलाय, ड्रेनला (टर्बोतून तेल परत नेणारी वाट) १० मिमीची होज आहे, ती क्रॉसमेंबरच्या खालून फिरवून परत वर चेंबरला (इंजिनाखालची तेलाची टाकी) जोडलीय. आता तिसरा टर्बो घेऊ का?

उत्तर : अजिबात घेऊ नका. तुमचे दोन्ही टर्बो बहुतेक चांगलेच होते. तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ वाचली आणि मला माझी पहिली गाडी आठवली, कारण मीही हेच केलं होतं, दोन टर्बो बदलले होते आणि दोन महिने त्यात घालवले होते, तेव्हा हे मनापासून सांगतोय.

आधी एक समजून घ्या की टर्बोमध्ये रबरी ऑइल सील नसतं. पिस्टनला असते तशी एक बारीक रिंग असते, ती मुख्यतः गॅसचं प्रेशर अडवते. तेल बाहेर येत नाही ते कशामुळे, तर मधल्या हाउसिंगमध्ये तेल साठतच नाही, आलं की लगेच खाली पडून जातं, म्हणून. बेअरिंगमधून बाहेर पडलं की तेलाला प्रेशर उरत नाही, ते फक्त स्वतःच्या वजनानं खाली जातं. आणि ते साधं तेल नसतं, शाफ्ट मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे मारतो, त्यात तेलाचा पार फेस होतो. मी शेवटी वैतागून ड्रेनचा पाइप चेंबरपासून सोडवला, खाली पारदर्शक बाटली धरली आणि मित्राला गाडी चालू करायला सांगितली, तेव्हा पहिल्यांदा बघितलं. फिकट तपकिरी, जाडसर, बुडबुड्यांनी भरलेला फेस, हळूहळू सरकत येणारा. तो १० मिमीच्या वाकड्यातिकड्या नळीतून वेळेवर खाली जाणार कसा? आणि तुमच्यासारखा खाली जाऊन परत वर येणारा यू असेल तर तिथे तेल कायम भरलेलंच राहतं, मागचं तेल हाउसिंगमध्ये तुंबतं आणि रिंगवरून टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या, बाजूला जातं. आयडलला एक्झॉस्टचं प्रेशर कमी असतं त्यामुळे ते अडत नाही, म्हणून तुमचा धूर आयडलनंतर दिसतो.

आता उपाय. ड्रेनचा पाइप आतून कमीत कमी १३ मिमी, जमलं तर १६ मिमी ठेवा. टर्बोपासून चेंबरपर्यंत सतत उतार, कुठेही सपाट नाही, कुठेही वर चढणं नाही. टर्बोचं ड्रेनचं तोंड बरोबर खाली हवं, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपर्यंत तिरपं चालतं असं टर्बो बनवणारी गॅरेट कंपनी सांगते, त्याच्या पुढे नको. आणि चेंबरमध्ये पाइप शिरतो ती जागा तेलाच्या लेव्हलच्या वर हवी, हे लोक हमखास विसरतात. म्हणजे चेंबर खाली काढायचा, बंग (पाइप जोडायचं तोंड) वेल्ड करून घ्यायचा, आतून नीट साफ करून परत लावायचा. काम वाढतं हे मान्य, पण चेंबर जागेवर ठेवून भोक पाडलं तर धातूचा कीस आतच राहतो आणि नंतर बेअरिंग खातो. टर्बो इतका खाली बसलाय की उतार मिळतच नाही असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदला नाहीतर तेल ओढून घेणारा स्कॅव्हेंज पंप लावा, तिसरा मार्ग नाही. आणि कुठल्याही तेलाच्या जॉइंटला सिलिकॉनचा गम लावू नका, पिळून आत गेलेला तुकडा फीडच्या भोकात बसला की मग टर्बो खरोखरच जातो.

फीडची बाजू तुमची ठीक वाटते. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर फीडला साधारण १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो, साध्या जर्नल बेअरिंगला सहसा लागत नाही आणि उगाच लावला तर बेअरिंग तेलाला मुकतं.

हे सगळं करूनही धूर राहिला तर क्रॅंककेसचा ब्रीदर बघा. मूळ गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रॅंककेसमधली वाफ परत इंजिनात जाऊ देणारा) थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असतो कारण तिथे व्हॅक्यूम असतो. आता तिथे बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचं जादा प्रेशर, येतो. तो व्हॉल्व्ह बूस्ट अडवत नसेल तर हवा उलटी क्रॅंककेसमध्ये शिरते, तिथे प्रेशर वाढतं आणि मग ड्रेन कितीही जाड असला तरी तेल खाली यायला तयार होत नाही. तिथे दणकट चेक व्हॉल्व्ह टाका, आणि टॅपेट कव्हरवरून जाड होज काढून कॅच कॅनमध्ये (तेलाची वाफ अडवणारा डबा) न्या. डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते का, एवढं बघितलं तरी कळतं.

प्रश्न : गाडी १६०० सीसी, चार सिलिंडर, कॉम्प्रेशन रेशो १०.५, मूळ १०५ एचपी. मला १ बार बूस्ट चालवायचाय, इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा रेडिएटर) नंतर बघू असं ठरवलंय. हेड गॅस्केट जाड टाकलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, आणि तिन्ही गोष्टी एकमेकीत अडकलेल्या आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश आहे आणि कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम आहे असं धरा, तर ०.५ बारला टर्बोतून निघणारी हवा साधारण ८३ अंशांची असते आणि १ बारला साधारण १२५. तापलेली हवा विरळ. म्हणजे ०.५ बारला प्रेशर दीडपट झालं तरी इंटरकूलर नसताना सिलिंडरमध्ये जाणारी हवा सुमारे २८ टक्केच वाढते, तीच हवा इंटरकूलरने ४५ अंशांवर आणली तर ४३ टक्क्यांपर्यंत वाढते. बूस्टचा काटा दोन्ही वेळी तेच दाखवतो, गाडी मात्र दोन वेगळ्या गाड्यांसारखी चालते. आणि ती गरम हवा १०.५ च्या कॉम्प्रेशनमध्ये अजून दाबली गेली की मिश्रण प्लगने पेटवलेल्या ज्योतीची वाट बघत नाही, आपोआप पेटतं, म्हणजे नॉकिंग सुरू होतं, पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. हे आवाज करून होतंच असं नाही, बऱ्याचदा काही सेकंदांत होऊन जातं.

जुन्या कंपन्यांनीही हीच मारामारी केलीय. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर, टर्बो लावून विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्यांपैकी, तिचं कॉम्प्रेशन १०.२५ होतं आणि बूस्ट जेमतेम ०.३५ बार, तरी नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावं लागायचं. मालक ती टाकी भरायला विसरायचे, टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा, तक्रारी यायच्या, शेवटी कंपनीने बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर लावून दिला. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोने उलटा रस्ता धरला, कॉम्प्रेशन थेट ६.९ वर आणलं, त्यामुळे बूस्ट येईपर्यंत गाडी मंद आणि मग एकदम झटका. तुमचं १०.५ तर या दोघांपेक्षाही जास्त आहे. माझं मत विचाराल तर १०.५ ला हात न लावता ०.३ ते ०.४ बार, इंटरकूलर पहिल्या दिवसापासून, चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल, आणि बास. जाड गॅस्केट टाकून पिस्टन आणि हेडमधलं अंतर वाढवलं की कॉम्प्रेशन थोडं उतरतं खरं, पण मिश्रण घुसळलं जाण्याची जागा बिघडते आणि नॉकिंगला उलट मदत होते. कॉम्प्रेशन उतरवायचंच असेल तर पिस्टन बदला.

पेट्रोलचा हिशोब असा करा. तुम्हाला १४० एचपी हवेत, टर्बो इंजिन प्रत्येक एचपीला तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं असं धरा, म्हणजे तासाला ३८ किलोच्या आसपास. चार इंजेक्टरमध्ये वाटा, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही म्हणून ०.८ ने भागा, तर प्रत्येकी मिनिटाला साधारण २७० सीसीचा इंजेक्टर लागतो. १०५ एचपीच्या गाडीत एवढे मोठे सहसा नसतात. फ्यूएल रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून होज द्या म्हणजे बूस्ट जेवढा वाढेल तेवढंच पेट्रोलचं प्रेशर वाढेल, नाहीतर ऐन बूस्टमध्ये इंजेक्टर कमी फेकतात. मूळ मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) बहुतेक १ बारचाच असतो, म्हणजे वातावरणाच्या वर त्याला काही दिसतच नाही, तिथे २.५ किंवा ३ बारचा लावून ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, त्याचं कॅलिब्रेशन टाकावं लागतं. प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घ्या, गॅप ०.७ ते ०.८ मिमी. ठिणगीचं टायमिंग सुरुवातीला दर १ पीएसआय बूस्टला साधारण १ अंश मागे, म्हणजे ०.४ बारला पाच-सहा अंश, आणि मग तिथून ट्यूनिंग करत जा. मिश्रण (एक भाग पेट्रोलला हवेचे भाग) फुल बूस्टला ११.५ ते १२ च्या मधे, आणि हे बघायला वाइडबँड सेन्सर हवाच, तो टर्बोच्या नंतर डाउनपाइपमध्ये, वरच्या अर्ध्या बाजूला, म्हणजे पाइपातलं पाणी साचून तो फुटणार नाही. गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर तिची नोंदणी जिथे आहे तिथले नियम आणि इन्शुरन्स हे पैसे खर्च करायच्या आधी बघा, नंतर नको.

प्रश्न : बूस्ट ०.४ ला सेट केला होता, आठवडाभर बरोबर होता, काल अचानक काटा ०.९ वर गेला, घाबरून पाय काढला. इंटर्नल वेस्टगेट आहे. अॅक्च्युएटरची होज, बूस्ट गेजची होज आणि ब्लो ऑफ व्हॉल्व्हची (अॅक्सिलरेटर सोडल्यावर अडलेली हवा सोडणारा) होज एकाच ठिकाणाहून टी टाकून घेतल्यात.

उत्तर : पाय काढलात हे फार चांगलं केलंत, आणि आता हे दुरुस्त होईपर्यंत गाडी बूस्टमध्ये नेऊ नका.

वेस्टगेटचं काम असं की अॅक्च्युएटरच्या डबीत बूस्टचं प्रेशर जातं, ते आतल्या स्प्रिंगला हरवतं, रॉड ढकलला जातो, झडप उघडते आणि एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. म्हणजे होज निसटली, फाटली किंवा गळायला लागली तर डबीला वाटतं बूस्ट कमीच आहे, झडप बंदच राहते आणि टर्बो वाढवत जातो. इतक्या बारीक होजवर अख्खं इंजिन अवलंबून आहे. म्हणून तिच्यात टी टाकायचा नाही, कुठेही वाटणी नाही. कॉम्प्रेसर हाउसिंगवर निपल असतं तिथून सरळ डबीला, जेवढी आखूड होईल तेवढी, दोन्ही टोकांना क्लॅम्प, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब. तुमच्या होजचा मॅनिफोल्डजवळचा भाग दाबून बघा, कडक होऊन बारीक तडे गेले असतील. सिलिकॉनची घ्या. गेज आणि ब्लो ऑफ व्हॉल्व्ह दोन्ही इनटेक मॅनिफोल्डवरून, तेही ब्लो ऑफची होज वेगळी.

आणि बूस्ट कंट्रोलर लावून बूस्ट कमी करता येत नाही, स्प्रिंग जेवढी तेवढा तर येणारच, कंट्रोलर फक्त त्याच्या वर नेतो. ०.४ हवा असेल तर स्प्रिंगच ०.४ च्या आतली घ्या. ईसीयूमध्ये ०.५५ च्या वर गेलं की पेट्रोल कट असंही टाकून ठेवा.

प्रश्न : चार्ज पाइप (टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा) सारखा निसटतो, तोही नेहमी गिअर बदलल्यावर. आणि अॅक्सिलरेटर सोडला की काळा धूर मारून गाडी बंद पडायला बघते. ब्लो ऑफ व्हॉल्व्ह बाहेर हवा सोडतो, आवाज छान येतो म्हणून तसा लावलाय.

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. बंद पडण्याचं आधी. तुमच्या गाडीत एअर फ्लो मीटर आहे ना, तर त्याने हवा मोजली, ईसीयूने तेवढं पेट्रोल दिलं, आणि तुम्ही ती मोजलेली हवा बाहेर सोडून दिली. पेट्रोल तेवढंच, हवा कमी, म्हणून काळा धूर. व्हॉल्व्हची बाहेरची बाजू होजने परत टर्बोच्या आधी पण मीटरच्या नंतर जोडा, लगेच थांबेल. आवाज कमी होईल, पण गाडी चालेल. मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास होत नाही.

पाइपचं म्हणाल तर टोकाला बीड आहे का बघा, म्हणजे पाइपच्या कडेला फुगवलेली कड. गुळगुळीत पाइपवर कितीही भारी क्लॅम्प लावा, निसटणारच. बीड करून घ्या, टी-बोल्ट क्लॅम्प बीडच्या मागे बसवा, कपलर (दोन पाइप जोडणारा रबरी तुकडा) आतून तेलकट झाला असेल तर थिनरने पुसून कोरडा लावा. गिअर बदलताना निसटतो म्हणजे इंजिन माउंटिंगवर झुलतंय आणि पाइप बॉडीला घट्ट आहे, मधे फुगवट्याचा कपलर टाका नाहीतर पाइपचा ब्रॅकेट बॉडीऐवजी इंजिनवर घ्या.

मग प्रेशर टेस्ट करा. टर्बोच्या तोंडाला टोपण, टोपणाला टायरचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा, तुमच्या बूस्टपेक्षा थोडीच जास्त, आणि टोपणाच्या समोर उभं राहू नका. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जॉइंटला लावत जा. मोठी गळती फुसफुस करून सांगते, लहान गळती मात्र जॉइंटच्या कडेला एक एक बारीक बुडबुडा फुगवत बसते, तिच्यासाठी थांबून बघावं लागतं. मला एकदा इंजेक्टरच्या ओ-रिंगखाली असे बुडबुडे दिसले होते, सगळे पाइप तीनदा घट्ट करून झाल्यावर.

प्रश्न : टर्बोला पाण्याची दोन तोंडं आहेत, ती बंद केली तर चालतील का? नळ्या कमी होतील.

उत्तर : बंद करू नका. पाण्याचं खरं काम गाडी बंद केल्यावर असतं. टर्बाइनची उष्णता शाफ्टवरून बेअरिंगकडे येते, तेल थांबलेलं असतं, ते तिथेच जळून कोळसा होतं. पाणी गरम होऊन वर जातं आणि थंड पाणी खालून येतं, पंप बंद असला तरी ही फिरती चालू राहते. त्यासाठी नळी टर्बोपासून पुढे वर चढत गेली पाहिजे, मधे हवेचा बुडबुडा अडकेल असा उंचवटा नको. जोरात पळवून आलात तर मिनिटभर आयडलला ठेवून मग बंद करा, पाणी असलं तरी.

प्रश्न : सगळं लावून झालंय. पहिल्यांदा सेल्फ मारायच्या आधी काय काय बघू?

उत्तर : तेल आणि फिल्टर नवे टाका. टर्बोच्या फीडच्या भोकात स्वच्छ तेल ओता आणि कॉम्प्रेसरचं चाक हाताने फिरवा, घासता कामा नये. मग इंजेक्टरचा आणि कॉइलचा फ्यूज काढून ड्रेनचा पाइप चेंबरपासून सोडवून बाटलीत धरा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारत रहा, मधे स्टार्टरला थंड होऊ द्या. ड्रेनमधून तेल आलं की मगच पाइप आणि फ्यूज परत लावा. तेल आलं नाही तर गाडी चालू करायची नाही, फीड कुठे अडलाय ते शोधायचं. चालू झाल्यावर दोन-तीन हजारांवर रेस करू नका, आयडललाच ठेवून टॉर्चने प्रत्येक जॉइंट बघा, तेल, पाणी, पेट्रोल, एक्झॉस्टची फुसफुस. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधे गळती असेल तर टर्बो उशिरा जागा होतो, तिथे धातूचंच गॅस्केट लावा. ब्रेकची नळी आणि वायरिंग डाउनपाइपजवळून जात असेल तर मधे पत्र्याचं शील्ड हवंच. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झालं की मॅनिफोल्डचे सगळे नट परत पान्याने तपासा, पहिल्या दोन-तीन वेळा ते हमखास सैल होतात. आणि पहिले काही दिवस रोज सकाळी बॉनेट उघडून ड्रेनच्या खालच्या जॉइंटवर बोट फिरवा, ओलं लागलं तर त्याच दिवशी खोला.